वॉच संपल्यानंतर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे योगायोगाने एकाच विषयावरची आहेत: बोटीवर हाताशी येणाऱ्या मोकळ्या वेळाचे करायचे काय? पहिले पत्र मालवाहू जहाजावरील एका डेक कॅडेटचे (शिकाऊ अधिकाऱ्याचे) आहे, दुसरे केरळमधील हाउसबोटीवर निघालेल्या एका आजोबांचे आणि तिसरे आठवड्यातून तीनदा मांडव्याला जाणाऱ्या एका वाचक भगिनीचे. माझे स्वतःचे आयुष्य मालवाहू जहाजांच्या डेकवर गेले असल्यामुळे पहिले उत्तर इतर दोहोंपेक्षा बरेच लांबले आहे. त्याबद्दल उरलेल्या दोघांनी राग मानू नये.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील एकवीस वर्षांचा डेक कॅडेट आहे. बल्क कॅरिअरवर (सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर) सात महिन्यांचे पहिले कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी आलो आहे. चीफ ऑफिसरबरोबरचा चार ते आठचा वॉच (पहाऱ्याची पाळी) आणि डेकवरचे काम संपले की मी केबिनमध्ये जाऊन मोबाइल हातात घेत असे आणि झोप येईपर्यंत तेच चालत असे. आता घरचे विचारतात, ‘सात महिन्यांत काय काय पाहिलेस?’ तेव्हा सांगण्यासारखे फारसे आठवत नाही. मला तबल्याची आवड आहे, पण बोटीवर रियाज कसा करणार? दोन महिन्यांनी पुन्हा साइन ऑन करायचे, म्हणजे जहाजावर रुजू व्हायचे, आहे. या वेळी वेळ सत्कारणी कसा लावावा?

उत्तर : आधी हा वेळ खरोखर किती आहे, याचा हिशेब करू, कारण किनाऱ्यावरच्या लोकांना वाटते तेवढा तो मुळीच नसतो. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार खलाशाला कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि कोणत्याही ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. ती विश्रांती दोनहून अधिक तुकड्यांत विभागता येत नाही आणि त्यांतील एक तुकडा सलग ६ तासांचा असावा लागतो. चार-चार तासांचे दोन वॉच, त्यावर डेकवरचे दोन-तीन तास, जेवणखाण, आंघोळ, कपडे धुणे आणि सात-आठ तासांची झोप हे सर्व वजा केले की भर समुद्रात दिवसाला दोन-अडीच तास उरतात. बंदरात शिरताना, माल चढवताना किंवा होल्ड (मालाची कोठारे) धुताना तेही उरत नाहीत. म्हणून माझा पहिला सल्ला तुम्हाला कदाचित निरस वाटेल: या वेळावर पहिला हक्क झोपेचा आहे. थकलेल्या माणसाने दोरखंडाजवळ उभे राहणे म्हणजे काय, हे तुम्ही एका कॉन्ट्रॅक्टमध्ये पाहिलेच असेल. मोबाइलने तुमची करमणूक किती केली, यापेक्षा त्याने तुमची झोप किती खाल्ली, याची मला अधिक काळजी वाटते.

उरलेले दोन-अडीच तास कोणत्या वेळी येतात, हे मात्र वॉचवर अवलंबून असते आणि छंद निवडताना नवखे लोक नेमका हाच विचार करत नाहीत. बारा ते चारचा सेकंड मेट (दुसरा अधिकारी) पहाटे साडेचारला आडवा होतो, त्याची झोप दोन तुकड्यांत तुटलेली असते आणि मेसमधील गप्पांच्या वेळी तो एक तर झोपलेला असतो किंवा ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, असतो. त्याने एकट्याने करायची गोष्ट निवडावी. आठ ते बाराच्या थर्ड मेटला दुपार मोकळी सापडते, म्हणून व्यायाम त्याला सोयीचा. तुम्ही चीफ ऑफिसरबरोबर चार ते आठ करत होता, असे पत्रावरून दिसते. हा वॉच मला सर्वांत भाग्याचा वाटतो, कारण सूर्योदय आणि सूर्यास्त हे दोन्ही त्याच्या वाट्याला येतात आणि रात्री आठनंतरचा एक तास सर्वांबरोबर घालवता येतो. शिवाय बोट पश्चिमेकडे जात असेल, तर घड्याळ अधूनमधून तासभर मागे घेतले जाते आणि तो दिवस पंचवीस तासांचा होतो. भारताच्या किनाऱ्यावरून ब्राझीलला जाईपर्यंत असा साडेआठ तासांचा फरक पडतो. पूर्वेकडे येताना तेच तास एकेक करून परत जातात, त्यामुळे त्या फेरीत मोठे संकल्प करू नयेत.

आता मोबाइलविषयी. खलाशाला घरच्यांशी संपर्क साधता यावा म्हणून मालकाने शक्य तेथे इंटरनेट द्यावे आणि त्याचे पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत, अशी दुरुस्ती याच करारात २०२२ मध्ये झाली आणि डिसेंबर २०२४ पासून ती लागू आहे. मला ती मनापासून योग्य वाटते. आमच्या वेळी बंदरातला एजंट पत्रांचा गठ्ठा घेऊन गँगवेवर येई, तेव्हा महिन्यापूर्वीची बातमी कळे. घरात कोणी गेल्याचे तेराव्यानंतर समजलेले खलाशी माझ्या ओळखीचे आहेत. ते दिवस परत यावेत असे म्हणणारा मी नाही. पण एक गोष्ट डोळ्यांदेखत घडली आहे: रिक्रिएशन रूम ओस पडली. पूर्वी एकच व्हिडिओ होता, म्हणून वीस माणसे एकत्र बसत. आज वीस माणसे वीस केबिनमध्ये वीस पडद्यांसमोर असतात आणि त्यांतील एखादा आठवडाभर गप्प आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून घरी फोन करण्याची वेळ ठरवून घ्या, ती घरच्यांनाही सांगा, आणि रात्री आठनंतरचा तास मेसमध्ये किंवा रिक्रिएशन रूममध्ये घालवा. कॅरमची सुरुवात तुम्हीच करा. बोट डोलू लागली की राणी आपण होऊन पॉकेटकडे निघते आणि ती कोणाची मानायची यावर वाद होतो. तो वाद खेळापेक्षा रंगतदार असतो.

तबल्याची अडचण खरी आहे. बोटीवर कोणत्याही घटकेला शेजारच्या केबिनमध्ये कोणीतरी वॉच संपवून झोपलेला असतो, आणि पोलादी भिंतीतून आवाज दोन मजले जातो. खेरीज केबिनमधली कोरडी थंड हवा आणि बाहेरची दमट हवा यांत पुडी (तबल्याचे कातडे) एका सुरात राहणे अवघड. तबला घरी ठेवा आणि पढंत घेऊन जा. कायदे, रेले, तिहाया तोंडाने म्हणत, टाळी-खाली हातावर देत मनातल्या मनात लय धरणे, हा रियाजाचाच भाग आहे, हे तुमचे गुरुजीही सांगतील. बोटांसाठी रबरी सराव-पॅड मिळते, ते पुरेसे आहे. इंजिनाच्या संथ, न थांबणाऱ्या ठेक्यावर झपताल धरून पाहा. माझ्याबरोबरचा एक मोटरमन (इंजिनरूममधला खलाशी) हे करत असे आणि इंजिनाची लय किंचित बदलली की जेवता जेवता मान वर करत असे.

हाताने करायच्या गोष्टींत दोरकाम मी सर्वांच्या वर ठेवतो. तुमच्या बोटीवर जो बोसन असेल, ज्याला आपली जुनी माणसे सारंग म्हणत, त्याच्यापाशी चहाच्या वेळी जाऊन बसा. टाकून दिलेल्या दोराचा तुकडा घेऊन आय स्प्लाइस, टर्क्स हेड, मंकीज फिस्ट अशा गाठी शिका. परीक्षेपुरती गाठ पुस्तकातून येते. सारंगाकडून शिकलेली गाठ अंधारात, ओल्या हातांनी आणि घाईतही येते. त्या बदल्यात तो काही मागणार नाही, फक्त त्याचे किस्से ऐकून घ्यावे लागतील आणि त्यांतला निम्मा भाग खरा धरावा.

आकाशाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण चार ते आठच्या माणसाला ते फुकट मिळते. रत्नागिरीला ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १७ अंश वर दिसतो, कारण रत्नागिरीचे अक्षांशच १७ आहेत. बोट दक्षिणेकडे निघाली की तो रोज थोडा थोडा खाली येतो आणि विषुववृत्तापाशी क्षितिजावरच्या धूसर पट्ट्यात विरून जातो. उलट, थंडीच्या दिवसांत कोकणातून दक्षिणेला ठेंगणा दिसणारा अगस्ती केप ऑफ गुड होपपाशी आकाशात उंच चढलेला असतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात जेमतेम डोकावणारा त्रिशंकू तिथे भरभक्कम उभा असतो. पुढच्या फेरीत सेक्स्टंट (ताऱ्याची उंची मोजण्याचे उपकरण) मागून घ्या आणि रोज संध्याकाळी ध्रुवाची उंची मोजून वहीत लिहा. जीपीएसशी ताडून पाहिल्यावर पहिले आठ दिवस उत्तर भलतेच येईल, नंतर जवळ येऊ लागेल. परीक्षेत याचा उपयोग होईलच, पण मी ते अभ्यास म्हणून सांगत नाही. ट्रेनिंग रेकॉर्ड बुक आणि सेकंड मेटच्या परीक्षेची तयारी यांसाठी निराळा तास ठेवा. त्याला विरंगुळा म्हटले की अभ्यासही होत नाही आणि विरंगुळाही मिळत नाही. ताऱ्यांसाठी ब्रिजच्या विंगवर (कडेच्या उघड्या सज्जावर) जाताना वॉचवरच्या अधिकाऱ्याला विचारा, तिथे गप्पा मारू नका आणि मोबाइल खिशातून काढू नका. त्या एका उजेडाने लुकआउटचे, म्हणजे समुद्रावर नजर ठेवणाऱ्याचे, अंधाराला सरावलेले डोळे निकामी होतात. ब्रिजच्या छतावर, म्हणजे मंकी आयलंडवर, रडार चालू असताना परवानगीशिवाय चढू नये, हे तुम्हाला माहीत असेलच.

चालण्यासाठी तुमच्यासारख्या बल्क कॅरिअरचा डेक उत्तम. दोनशे मीटर लांबीच्या बोटीची एक प्रदक्षिणा चारशे मीटरच्या पुढे जाते, म्हणजे दहा फेऱ्यांत चार किलोमीटर होतात. ब्रिजला कळवून, उजेड असताना आणि डेकवर पाणी येत नसेल तेव्हाच चाला. जिममध्ये बोट डोलत असताना वजने उचलू नका, एवढेच त्याबद्दल पुरे.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे येतो, म्हणजे काही आठवत नाही याकडे. जहाजाची लॉगबुक असते, तशी स्वतःची एक वही ठेवा आणि दिवसाला एकच ओळ लिहा: दुपारची पोझिशन, वारा, आणि त्या दिवशी पाहिलेली एक गोष्ट. एका ओळीहून अधिक लिहायचे नाही. अधिक लिहू लागलेले बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. माझ्या जुन्या वहीत दक्षिण अटलांटिकमधील एका सकाळी एवढेच आहे: ‘डेकवर सात उडते मासे, भंडाऱ्याने तळले.’ ती ओळ वाचली की त्या बोटीचा वास, भंडाऱ्याचा, म्हणजे आमच्या आचाऱ्याचा, चेहरा आणि फोरमास्टवर (पुढच्या डोलकाठीवर) बसून उडत्या माशांवर झेप घेणारे बूबी पक्षी असे सगळे परत उभे राहते. त्या फेरीतले बाकीचे दिवस, ज्यांची ओळ मी आळसाने लिहिली नाही, ते मात्र तुमच्या सात महिन्यांसारखेच कोरे आहेत.

बंदरात शोर लीव्ह (किनाऱ्यावर जाण्याची सुटी) मिळाली, तर मॉलमध्ये वायफाय शोधत बसू नका. पुष्कळ बंदरांत खलाशांसाठी क्लब असतात. १८५६ पासून काम करणाऱ्या मिशन टू सीफेअरर्सची उडत्या देवदूताची खूण तुम्ही पाहिली असेल. त्यांची व्हॅन अनेक ठिकाणी गेटपर्यंत येते, धर्म कोणी विचारत नाही आणि गावात दोन तासांत काय पाहता येईल हे तिथली माणसे नेमके सांगतात.

प्रश्न : आम्ही कोथरूडचे. मुले, सुना आणि आठ व अकरा वर्षांची नातवंडे मिळून सात जण आलप्पुळाला हाउसबोटीवर एक रात्र राहणार आहोत. पाच वर्षांपूर्वी गेलो होतो, तेव्हा दोन तासांनी सर्वांना कंटाळा आला, नंतर सगळे टीव्ही पाहत बसले, आणि साडेपाचलाच बोट काठाला बांधल्यामुळे फसवले गेल्यासारखे वाटले. या वेळी तसे होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर : हा माझा प्रांत नव्हे, मी तिथे पाहुणा म्हणूनच गेलो आहे. तरी एक गैरसमज दूर करतो: संध्याकाळी बोट बांधतात, ती तुम्हाला फसवण्यासाठी नव्हे. रात्री त्या पाण्यात मच्छीमारांची जाळी लागतात, आणि मोठ्या हाउसबोटींनी त्यांतून फिरायचे नसते. दुपारी बाराच्या सुमारास चढून दुसऱ्या दिवशी नऊला उतरायचे असेल, तर बोट प्रत्यक्ष चालते चार-पाच तास आणि सकाळचा थोडा वेळ. त्यांतला दीड तास जेवण आणि दुपारची झोप यांत गेला, की पाहायचे ते निघून जाते. तेव्हा चढायला उशीर करू नका आणि वामकुक्षी बोट बांधल्यानंतरसाठी राखून ठेवा. वातानुकूलन अनेक बोटींवर रात्रीपुरतेच चालते. हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे, म्हणजे दुपारचा वेळ त्या भांडणात जात नाही.

मुलांना पाहण्यासारखे काय आहे, ते आधी सांगून ठेवा. कुट्टनाडमधील भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. बोटीच्या पुढच्या भागात उभे राहिले, की बांधाच्या एका अंगाला कालव्याचे पाणी वर आणि दुसऱ्या अंगाला शेत खाली, असे उलटे दृश्य दिसते. आठ वर्षांच्या मुलालाही ते पटकन कळते आणि पाणी शेतात का शिरत नाही, हा प्रश्न तो स्वतः विचारतो. ज्या बोटीवर तुम्ही बसाल, ती मुळात केट्टुवळ्ळम, म्हणजे बांधलेली होडी. जुन्या पद्धतीत फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवत आणि ती भात नि मसाले वाहून नेई. बोट चालवणाऱ्याला विनंती केली, तर तो शिवण दाखवतो.

मोठी बोट अरुंद कालव्यांत शिरत नाही, आणि खरी गंमत तर तिथेच आहे. म्हणून सकाळी लवकर तासाभरासाठी लहान होडी ठरवा. किंवा माझे ऐकाल तर दुसऱ्या दिवशी राज्य जलवाहतूक खात्याच्या आलप्पुळा–कोट्टयम बोटीने जा. साधारण अडीच तासांचा प्रवास, अगदी किरकोळ तिकीट, शाळकरी मुले, भाजीच्या टोपल्या आणि थांब्याथांब्यावर चढणारी माणसे. माझ्या मते हाउसबोटीच्या एका रात्रीहून हे अडीच तास सरस आहेत. एक विनंती आहे: कालव्याच्या काठावर लोक आंघोळ करतात, भांडी घासतात. ती त्यांची मोरी आणि अंगण आहे, तेव्हा त्यांचे फोटो काढू नयेत आणि रात्री स्पीकर लावू नये, कारण पाण्यावरून आवाज फार दूर जातो. जेवणात करिमीन मिळेलच. आपल्याकडच्या खाडीतली कालुंदर ती हीच, हे ताटावर बसल्यावर मुलांना सांगा.

प्रश्न : मी कामानिमित्त आठवड्यातून तीन दिवस मुंबईहून मांडव्याला बोटीने जाते. तासाभराचा हा वेळ वाचनात घालवावा, असे ठरवले होते; पण पुस्तक उघडले की दहा मिनिटांत मळमळू लागते. या वेळाचा दुसरा काही उपयोग आहे का?

उत्तर : डोळे स्थिर पानावर असतात आणि कानातला तोल मात्र ‘आपण हलत आहोत’ असे सांगत राहतो, या विसंवादातून मळमळ होते. बोटीच्या मध्यभागी, शक्यतो खालच्या मजल्यावर, पण बाहेरचे दिसेल अशा जागी बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. पुस्तक घरी ठेवून तुम्ही जहाजे वाचावीत, असे मी सुचवेन. त्या मार्गावर नांगरून पडलेली मालवाहू जहाजे नेहमी दिसतात. बोटीच्या खालच्या भागाचा तांबडा रंग भरपूर दिसत असेल, तर ती रिकामी आहे. तो पाण्याखाली गेला असेल, तर भरलेली. पुढे, मागे आणि मध्यावर रंगवलेले आकडे ती किती पाण्यात बुडाली आहे ते सांगतात. सोमवारी पाहिलेली बोट शुक्रवारी वर उठलेली दिसली, तर मधल्या दिवसांत तिचा माल उतरला, असे खुशाल समजा. हवा स्वच्छ असेल, तर कुलाब्याच्या टोकापलीकडचे प्राँग्जचे दीपगृह आणि मांडवा जवळ येताना दक्षिणेला खांदेरी-उंदेरीही ओळखता येतात. त्यांतील खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांनी याच पाण्यात नाकेबंदी केली होती. हिवाळ्यात बोटीमागे येणाऱ्या कुरव पक्ष्यांना लोक गाठिया टाकतात, त्यात मात्र सामील होऊ नका. ते त्यांचे अन्न नव्हे, त्याने त्यांचे नुकसानच होते.

जहाजाचा मागचा भाग दिसला, तर नावाच्या खाली नोंदणीचे बंदर लिहिलेले असते, ते वहीत टिपून ठेवा. पनामा, मोनरोव्हिया (लायबेरिया) आणि माजुरो (मार्शल बेटे) ही नावे तुम्हाला महिन्याभरात पाठ होतील, कारण कर आणि नियमांच्या सोयीसाठी मालक तिथे नोंदणी करतात. बोटीने ते बंदर कधी पाहिलेले असेलच असे नाही. एखाद्या दिवशी उलानबाटर असे वाचायला मिळाले, तर डोळे चोळू नका. मंगोलियाला समुद्रकिनारा नाही, जहाजांची नोंदणी मात्र आहे.